वाय-फायची पंगत: घरातल्या राऊटरमधल्या रांगेचा इतिहास

आजचा विषय थेट तुमच्या घरातल्या भांडणाचा आहे. म्हणजे बघा, रात्रीचे नऊ वाजलेत. ताईचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल सुरू आहे, धाकटा गेम खेळतोय, आणि बाबांच्या फोनने गावच्या लग्नाचे चारशे फोटो गुपचूप क्लाउडवर चढवायला घेतलेत. झालं! ताईचा आवाज रोबोटसारखा येतो, गेमचा पिंग ३० वरून ९०० वर जातो, आणि आतल्या खोलीतून हाक येते, "कोण काय डाउनलोड करतंय रे?" शेवटी ठराव काय होतो? मोठा प्लॅन घ्या.

पण अशा वेळी गुन्हेगार बहुतेकदा स्पीड नसतो, रांग असते. तुमच्या घरातून बाहेर जाणारा डेटा छोट्या छोट्या तुकड्यांत जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. लाइन मोकळी नसेल तर पॅकेट राऊटरच्या किंवा मोडेमच्या मेमरीत थांबतं. ही थांबायची जागा म्हणजे बफर. बाबांच्या फोटोंची हजारो पॅकेटं रांगेत पुढे उभी आहेत आणि ताईच्या आवाजाचं एक एवढंसं पॅकेट सगळ्यात मागे. या रांगेचं काय करायचं, यावर इंजिनिअर मंडळी चाळीस वर्षं भांडतायत. तुमच्या घरातल्यापेक्षा जास्त.

सुरुवात करू १९८५ पासून. अमेरिकेत फोर्ड एरोस्पेस नावाच्या कंपनीत जॉन नेगल काम करत होते. कंपनीचं स्वतःचं नेटवर्क होतं, ते तुंबायचं. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय असायचा: मेमरी वाढवा, बफर मोठा करा. नेगलनी डिसेंबर १९८५ मध्ये एक टिपण लिहिलं, आरएफसी ९७०. त्यात प्रश्न विचारला की समजा बफर अमर्याद मोठा आहे, तर काय होईल? उत्तर भारी आहे. प्रत्येक पॅकेटला एक आयुष्य असतं. लोड वाढतच राहिला तर रांग इतकी लांबते की आपला नंबर येईपर्यंत पॅकेट मेलेलं असतं. म्हणजे गोदाम कितीही मोठं बांधा, बाहेर निघणारा माल सगळा कुजका.

मग नेगलनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते हीच या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट. एकच रांग असेल तर जो जास्त रेटतो त्याचा फायदा होतो, सभ्यपणे थांबणाऱ्याचा तोटा. म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी रांग करा आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक पॅकेट सोडा.

हे आपल्याला समजवायला इंग्रजी शब्द लागतच नाही. पंगत आठवा. वाढपी जिलबी घेऊन येतो तेव्हा पहिल्याच्या पानात अख्खी परात रिकामी करत नाही. प्रत्येक पानाला थोडी, मग पुन्हा फेरी. कोणी कितीही भूक असल्याचं ओरडलं तरी फेरी आल्यावरच. आणि ज्याला दोनच जिलब्या हव्यात, त्याचं पहिल्या दोन फेऱ्यांत भागतं. ताईचा व्हिडिओ कॉल हा तो दोन जिलब्यावाला माणूस आहे.

पंगतीची कल्पना सुचली खरी, पण त्याच काळात इंटरनेटला वेगळाच झटका बसला. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, अंतर जेमतेम ४०० यार्ड. चालत गेलात तर पाच मिनिटं. या दोघांमधला वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटवर आला. ४० हजार नाही हं, चाळीस! व्हॅन जेकबसन आणि मायकेल करेल्स या दोघांनी याचा छडा लावला. पॅकेट हरवलं की प्रत्येक मशीन ते पुन्हा पाठवत होतं, त्याने गर्दी वाढत होती, गर्दीने आणखी पॅकेटं हरवत होती. १९८८ मध्ये त्यांनी उपाय प्रसिद्ध केला: पॅकेट हरवलं, तर त्याचा अर्थ "पुढे गर्दी आहे, दमाने घ्या". तुमच्या फोनमध्ये आजही हा शिष्टाचार वेगवेगळ्या रूपांत चालू आहे.

ही ओळ जरा लक्षात ठेवा. पॅकेट गाळलं जाणं हाच निरोप. गाळलं गेलं नाही, तर निरोप पोहोचत नाही.

१९८९ मध्ये नेगलच्या पंगतीला नीट गणिती रूप मिळालं. अॅलन डीमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांचा तो शोधनिबंध. यातले केशव आयआयटी दिल्लीहून बर्कलीला पीएचडीसाठी गेलेले. नेगलच्या पद्धतीत एक फट होती: पॅकेट मोजली जायची, पण मोठ्या पॅकेटवाल्याला गुपचूप जास्त मिळायचं. म्हणजे एकाला छोटी जिलबी आणि दुसऱ्याला ताटाएवढी, पण मोजणी सारखीच. या तिघांनी माप पॅकेटवरून बिटवर आणलं.

मग प्रश्न असा की १९८९ मध्येच उत्तर होतं, तर आपल्या घरी भांडणं का? दोन कारणं. एक, तेव्हा लोकांना वाटायचं की इतक्या रांगा सांभाळणं मशीनला झेपणार नाही. दोन, मेमरी स्वस्त झाली. मोडेम आणि राऊटर बनवणाऱ्यांनी हात सैल सोडला: बफर मोठा ठेवा, एकही पॅकेट गळता कामा नये! ऐकायला छान वाटतं. पण आता जेकबसनची ओळ आठवा. पॅकेट गळलंच नाही, तर पाठवणाऱ्याला गर्दीचा निरोप मिळतच नाही. तो पाठवत राहतो, बफर काठोकाठ भरतो आणि भरलेलाच राहतो.

हिशोब करून बघा. अपलोड १ एमबीपीएस आणि बफर २५६ किलोबाइट. तो भरला की रिकामा व्हायला दोन सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक पॅकेटला दोन सेकंद उशीर. आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. त्या वेगाला हाच बफर आठ सेकंदांचा झाला असता! आणि अपलोड तुंबलं की डाउनलोडही रडतं. कारण व्हिडिओचा तुकडा मिळाल्याची पोच तुमचा फोन त्याच अपलोडच्या रांगेतून पाठवत असतो.

दरम्यान घरोघरी राऊटर आले. २००२ च्या शेवटी आलेला लिंकसिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी आठवतोय का कोणाला? २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्सच्या लायसन्सप्रमाणे कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आता घरच्या राऊटरमध्ये हौशी माणूसही हात घालू शकत होता.

याच काळात क्यूओएस नावाचं पान सगळ्यांना माहीत झालं. अमुक अॅपला हाय, तमुक डिव्हाइसला लो. ही व्हीआयपी दर्शनाची रांग. अडचण अशी की टोरेंटवाले पोर्ट बदलून व्हीआयपीत घुसायला शिकले, पुढे बहुतेक ट्रॅफिक एनक्रिप्ट झालं, मग कोण कोण आहे हे राऊटरला ओळखू येईना. आणि खरं सांगायचं तर घरात ज्याच्याकडे राऊटरचा पासवर्ड, तोच व्हीआयपी. धाकट्याचा फोन लो वर टाकणं हे मॅनेजमेंट नाही, दादागिरी आहे.

२०१० मध्ये जिम गेटिस यांच्या घरी हाच तमाशा झाला. वेबचा एचटीटीपी १.१ हा नियम लिहिणाऱ्यांपैकी हे एक, म्हणजे नेट कोळून प्यायलेला माणूस. घरून मोठ्या फाइली पाठवताना त्यांनी उशीर मोजला, तर तो सेकंदाच्या वर. खोदत गेल्यावर कळलं की बफर सगळीकडे फुगलेत: मोडेममध्ये, राऊटरमध्ये, लॅपटॉपमध्येसुद्धा. त्यांनी या आजाराला नाव दिलं, बफरब्लोट.

नाव मिळालं आणि कामाला वेग आला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि आपले जुने जेकबसन यांनी कोडेल आणलं. रांग किती लांब आहे हे ते बघत नाही. पॅकेट किती वेळ रांगेत थांबलं ते बघतं. साधारण १०० मिलिसेकंदांच्या काळात थांबणं एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आलं नाही, तर पॅकेट गाळायला सुरुवात. निरोप पुन्हा पोहोचू लागला! त्याच वर्षी एरिक ड्युमाझे यांनी कोडेल आणि पंगत एकत्र करून लिनक्समध्ये एफक्यू-कोडेल घातलं. गेटिस यांच्याबरोबर ही चळवळ उभी करणारे डेव्ह टाट यांनी ते घरगुती राऊटरवर पुन्हा पुन्हा तपासून घेतलं. टाट एप्रिल २०२५ मध्ये गेले. २०२० मध्ये लिनक्समध्ये एफक्यू-पाय नावाचं याचंच भावंड आलं, ते सुरतकलच्या एनआयटीतल्या मंडळींनी लिहिलेलं.

एक पळवाट मात्र उरली होती. एफक्यू-कोडेल पान मांडतं ते प्रत्येक कनेक्शनला, माणसाला नाही. टोरेंटने पन्नास कनेक्शन उघडली की एकटा पन्नास पानांवर बसतो. २०१८ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या केकने आधी डिव्हाइसमध्ये वाटणी करायची सोय दिली, मग त्या डिव्हाइसच्या कनेक्शनमध्ये. म्हणजे फिरून फिरून गाडी नेगलच्या १९८५ च्या जागेवर.

आता तुमचा राऊटर. सेटिंगमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल, केक किंवा ॲडाप्टिव्ह क्यूओएस असं काही दिसतंय का बघा. आधी कोणी काही वापरत नसताना डाउनलोड-अपलोड मोजा, आणि तिथे त्याच्या ८५ ते ९५ टक्के आकडा टाका. थोडा स्पीड मुद्दाम का सोडायचा? कारण रांग मोडेममध्ये लागली तर तिथे तुमचं काही चालत नाही. ती तुमच्या राऊटरमध्ये लागायला हवी, म्हणजे वाढपी तुमचा.

अर्थात काही अटी आहेत. स्वस्त राऊटरच्या प्रोसेसरला हे झेपलं नाही तर एकूण स्पीड पडतो. मोबाइल हॉटस्पॉटचा वेग क्षणाक्षणाला बदलतो, तिथे ठरलेला आकडा फारसा कामाचा नाही. आणि राऊटर दोन भिंतींपलीकडे असेल तर रांग वाय-फायमध्येच लागलेली असते. आधी राऊटरची जागा बदला.

बदल झाला का, हे कसं कळणार? मोठा व्हिडिओ अपलोडला लावा, तो चालू असताना पिंग बघा. सेटिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आणि हो, हा प्रयोग ताईचा कॉल चालू असताना करू नका. भेटू पुढच्या भागात!