माहितीपटाने कायदा बदलतो का? ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, “पर्यावरणावरचे माहितीपट बघून खरंच काही बदलतं का, की आपण फक्त हळहळतो आणि घरी जातो?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी मतं मांडून देणार नाही, एका फिल्मचा इतिहास सांगून देणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे माहितीपट म्हटलं की जुन्या मंडळींना फिल्म्स डिव्हिजन आठवते. १९४८ साली मुंबईत सुरू झालेली ही सरकारी संस्था. सिनेमा सुरू होण्याआधी तिची छोटी फिल्म दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक होतं. धरणं, कारखाने, सुधारित शेती असे तिचे विषय असायचे. म्हणजे माहितीपट सरकारकडून लोकांकडे यायचा. उलटा प्रवास, म्हणजे लोकांनी न पाहिलेली एखादी गोष्ट टिपून ती सरकारपुढे ठेवायची, हे काम पुढे स्वतंत्र चित्रकर्त्यांनी आणि ना-नफा संस्थांनी अंगावर घेतलं. त्यातलं एक ठळक नाव म्हणजे माइक पांडे. जन्म केनियात, काम दिल्लीतून. दूरदर्शनवरची ‘अर्थ मॅटर्स’ ही मालिका अनेकांनी पाहिली असेल. त्याच नावाची त्यांची ना-नफा संस्थाही आहे, अर्थ मॅटर्स फाउंडेशन.

आता आपल्या गोष्टीकडे येऊ. स्थळ आहे सौराष्ट्राचा किनारा. वेरावळ आणि आसपासची बंदरं. मासा आहे व्हेल शार्क. नावात ‘व्हेल’ असलं तरी हा देवमासा नव्हे बरं का. देवमासा सस्तन प्राणी. हा मुशीच्या कुळातला, जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटर आणि त्याहूनही लांब वाढतो. पाठीवर पांढरे ठिपके. एवढं धूड, पण खातो काय? प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि छोटी मासळी. माणसाच्या वाटेला जात नाही.

सौराष्ट्रात याला ‘बॅरल’ म्हणायचे. का, तर त्याला मारायची पद्धत तशी होती. मोठा लोखंडी हूक त्याच्या अंगात रुतवायचा आणि त्याला प्लॅस्टिकची पिंपं बांधायची. पिंपं तरंगतात, माशाला खोल जाता येत नाही, तो ओढून ओढून दमतो. मग त्याला किनाऱ्यावर आणायचं. पूर्वी ही शिकार मुख्यतः यकृताच्या तेलासाठी व्हायची. लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून ते तेल चोपडायचे. आपल्या कोकणातही होड्यांना माशाचं तेल लावायची रीत होतीच. पण १९९०च्या दशकात परदेशातून, विशेषतः तैवानमधून, त्याच्या मांसाला मागणी आली आणि गणित बदललं. होडीपुरती होणारी शिकार निर्यातीचा धंदा झाली. एकेका हंगामात शेकडो मासे मारले जाऊ लागले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे काही चोरून चाललं नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात वाघ होता, हत्ती होता, पण एकही मासा नव्हता. कायद्याच्या नजरेत मासा म्हणजे मासळी, बाजारातला माल. त्यामुळे मच्छीमार गुन्हा करत नव्हते, पोट भरत होते.

पांडे यांनी हे सगळं चित्रित केलं आणि २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ ही जेमतेम अर्ध्या तासाची फिल्म आली. ब्रिटनच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात तिला पांडा पुरस्कार मिळाला, ज्याला ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात. पण पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. फिल्म सरकारदरबारी पोचली आणि २००१च्या मे महिन्यात व्हेल शार्कचा समावेश कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाला जे संरक्षण, तेच या माशाला. असं संरक्षण मिळालेला हा देशातला पहिला मासा. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार नियंत्रण आलं. तो प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता.

मग झालं का काम? इथेच बहुतेक लोक ही गोष्ट संपवतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

फिल्म दिल्लीत पाहिली गेली, ब्रिस्टलमध्ये पाहिली गेली. पण कायदा झाला म्हणून वेरावळच्या तांडेलाला तो कळला असं होत नाही. ज्याचं कर्ज होडीवर आहे, त्याला एका सकाळी सांगायचं की कालपर्यंतची तुझी कमाई आज तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. हे कोण सांगणार, आणि कसं?

ते काम २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांच्या साथीने केलं. कथाकार मोरारीबापूंनी त्यात एक रूपक दिलं. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. आता आपल्याकडे काय किंवा सौराष्ट्रात काय, माहेरवाशिणीवर कोण हात उगारेल? ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली, म्हणजे लाडकी. नाव बदललं तशी नजर बदलली. गावोगाव पथनाट्यं झाली. आणि नुसत्या भावनेवर भागलं नाही. जाळ्यात अडकलेला मासा सोडायचा तर महागाचं जाळं कापावं लागतं. त्याची नुकसानभरपाई सरकारने द्यायला सुरुवात केली. त्यानंतर मच्छीमारांनी स्वतःहून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले.

यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक छोटा बदल. भरपाईसाठी पुरावा हवा, म्हणून मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे दिले गेले. जाळं कापताना त्यांनीच फोटो काढायचे. आपल्या महाराष्ट्रातही २०१८च्या अखेरीस अशीच योजना आली. संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई, आणि पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ. म्हणजे बघा, २००० साली कॅमेरा मच्छीमाराकडे रोखलेला होता. तो आरोपीसारखा दिसत होता. काही वर्षांत तोच कॅमेरा त्याच्या हातात आला आणि तो साक्षीदार झाला.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. माहितीपटाने बदल होतो का? होतो, पण अर्धाच. जे कोणी पाहिलंच नव्हतं ते नाकारता येणार नाही इतकं स्पष्ट दाखवणं, हे फिल्म करू शकते. ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ने ते केलं, आणि तेही वर्षाच्या आत. पण ज्यांच्या आयुष्यावर त्या बदलाचा भार पडतो त्यांच्याशी बोलणं, त्यांच्या भाषेत बोलणं, त्यांचं नुकसान भरून देणं, हे पडद्यावर होत नाही. ते किनाऱ्यावर जाऊनच करावं लागतं.

म्हणून यापुढे पर्यावरणावरची एखादी फिल्म पाहाल, तेव्हा तिला किती पुरस्कार मिळाले हे जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा की ती जिथे चित्रित झाली, त्या गावात ती दाखवली का, आणि ती पाहून तिथली माणसं काय म्हणाली.

आता आपले प्रश्न घेऊ.