भाकर मागणे आणि हिशेब मागणे

गावकुसाबाहेरच्या माणसाच्या तोंडी 'मागणे' हे क्रियापद शतकानुशतके एकाच अर्थाने राहिले. दिवसभर गावकीची कामे करायची, संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार जायचे, उंबऱ्यापासून लांब उभे राहून हाक द्यायची आणि वरून टाकलेली शिळी भाकर झेलायची. ही भाकर म्हणजे कामाचा मोबदला, बलुत्याचा हक्क, असे परंपरा सांगे. प्रत्यक्षात तिला भिकेचेच रूप होते. मग हक्क आणि भीक यांतला फरक कशावरून ठरतो? काम किती झाले, मोबदला किती ठरला, हातात किती पडला आणि बाकीचा कुठे गेला, हे चार प्रश्न ज्याला विचारता येतात त्याच्या हातातली भाकर हक्काची. ज्याला ते विचारता येत नाहीत, त्याच्या पदरात कायद्याने ठरलेले धान्य पडले तरी ते भिकेसारखेच पडते. माहितीचा अधिकार आणि रेशनचे धान्य यांचा इतिहास या कसोटीवर तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या गावगाड्यात कागद आणि कष्ट यांची वाटणी जातीने केलेली होती. दप्तर कुलकर्ण्याच्या घरी. वसुलाचा पैसा तालुक्याच्या खजिन्यात पोहोचविण्याचे काम महाराकडे. ज्याने थैली जिवापलीकडे जपायची, त्यालाच थैलीबरोबरच्या यादीतला आकडा वाचता येत नसे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्यांच्या हल्ल्याचा एक रोख या लेखणीवरच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले. गावाच्या मर्जीवर सोडलेला मोबदला ठरीव व्हावा, ही त्यामागची धडपड होती. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

१९२३ या एकाच सालात निघालेले दोन कागद आपण शेजारी शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. त्या वर्षी इंग्रज सरकारने शासकीय गुपिते कायदा केला. सरकारी कागद हा सरकारचा, प्रजेचा नव्हे, ही वृत्ती या कायद्याच्या छायेत दफ्तरादफ्तरांत मुरली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्यांची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असे तो सांगत होता. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठरावाने तहान भागली काय? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग माणसे तळ्यावर चालत गेली, तेव्हा कुठे त्या ठरावाला पाण्याचा स्पर्श झाला. आणि त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल यावे लागले. महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे मागून खाणे सोडा, असे सांगितले होते. कागदावरचा हक्क बजावून घ्या आणि भाकर मागणे सोडा, हे दोन्ही आदेश एकाच ठिकाणी दिले गेले, हे ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर बलुत्याची जागा हळूहळू रेशनने घेतली. १९४३ साली युद्धकाळात मुंबईत रेशनिंग आले. पुढे रास्त भाव दुकानांचे जाळे देशभर पसरले. १९९७ च्या जूनपासून ही व्यवस्था 'लक्ष्याधारित' झाली. दारिद्र्यरेषेच्या खाली कोण आणि वर कोण, याची विभागणी सुरू झाली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाचे उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असले तर पिवळी. दारिद्र्याला रंग मिळाला, आणि रंग ठरविणारा कागद तहसील कचेरीत राहिला. दप्तराची जागा बदलली. दप्तरापासूनचे आपले अंतर तेवढेच राहिले.

दुकानातही जुना गावगाडा शिरला. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतील ५३१ गावांच्या पाहणीवरून २००५ साली जे मांडले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. दलितांना माप कमी, भाव जास्त, दुकान उघडण्याचे दिवस दुकानदाराच्या मर्जीचे. आणि काही ठिकाणी विटाळ नको म्हणून वस्तू वरून ओंजळीत टाकण्याची रीत. वरून पडणारी भाकर आणि वरून पडणारे रेशन, यांत कालौघाने काय बदल झाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

२००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने अन्नाच्या योजनांना कायदेशीर हक्काचे स्वरूप दिले. २ मे २००३ च्या आदेशात दुकान महिनाभर उघडे न ठेवणारा, गरिबांची कार्डे स्वतःजवळ ठेवणारा, कार्डावर खोट्या नोंदी करणारा दुकानदार परवान्यास अपात्र ठरविला गेला. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने शाळेतील दुपारच्या जेवणासाठी स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले. हे सर्व आदेश मोलाचे आहेत. पण आदेश पाळला गेला की नाही हे कळणार कशावरून? दुकानाच्या नोंदवहीवरून. आणि नोंदवही कोणाच्या कपाटात? प्रश्न पुन्हा दप्तरापाशी येऊन थांबतो.

दप्तर उघडण्याची लढाई विद्वानांच्या परिसंवादातून सुरू झाली नाही, ती मजुरीच्या प्रश्नातून सुरू झाली, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगितली पाहिजे. १ मे १९९० रोजी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. सरकारी कामावर राबलेल्या माणसाला किमान वेतन का मिळत नाही, हा तिचा पहिला सवाल. उत्तर हजेरीपटात होते आणि हजेरीपट गुप्त होता. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. मिळालेले कागद गावापुढे मोठ्याने वाचण्यात आले. जे कामावर गेलेच नव्हते त्यांचीही नावे हजेरीपटावर निघाली. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही स्वतःचे नाव ऐकता येत होते, आणि ते खोटे आहे असे उभे राहून सांगता येत होते. कागदाच्या प्रती देण्याचे आश्वासन मुख्यमंत्र्यांनी १९९५ साली विधानसभेत दिले. आदेश निघेना, म्हणून एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्या चळवळीची घोषणा. भाकर मागणारा माणूस आता हिशेब मागू लागला होता.

हेच हत्यार रेशनवर चालले ते दिल्लीत. तेथील राज्याचा माहितीचा कायदा २००१ चा. सुंदरनगरी या गरीब वस्तीत 'परिवर्तन' या गटाने २००३ च्या सुमारास दुकानांच्या नोंदी मागवून घरोघर पडताळल्या. एका बाईला दुकानदार 'धान्य आलेच नाही' म्हणून परत पाठवीत असे. नोंदवहीत मात्र तिच्या नावावर दरमहा गहू आणि तांदूळ उचलल्याचे दिसले, आणि नावापुढे अंगठे होते. ती बाई शिकलेली होती. ती सही करीत असे! तिने मेहनतीने मिळविलेले अक्षरही व्यवस्थेने तिच्याकडून काढून घेतले आणि कागदावर तिला पुन्हा अडाणी करून ठेवले. धान्याच्या चोरीइतकीच ही चोरीही मोठी आहे.

त्याच शहरात २००४ साली एका रोजंदारी मजुराचे रेशन कार्ड हरवले. दुय्यम कार्डासाठी त्याने तीन महिने खेटे घातले. शेवटी त्याने माहितीचा अर्ज दिला: माझ्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, तो कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता, त्यांची नावे व हुद्दे काय? आठवड्याभरात कार्ड तयार असल्याचा निरोप घरी आला, आणि कचेरीत त्याला चहा विचारला गेला. विनंतीने न हललेला कागद प्रश्नाने हलला, कारण प्रश्नात अधिकाऱ्याचे नाव विचारलेले होते. अर्जदाराचे नाव तर प्रत्येक कागदावर असतेच. जबाबदार माणसाचे नाव मात्र कुठेच नसते.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम २२ ने १९२३ च्या गुपिते कायद्यावर या कायद्याला वरचढ ठरविले. म्हणजे ज्या वर्षी बोले ठराव झाला, त्याच वर्षीच्या त्या दुसऱ्या कागदाला उत्तर मिळायला ८२ वर्षे लागली.

हा कायदा आपल्या वस्तीत कसा वापरावा, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. शिधापत्रिका अडली असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करावा. महाराष्ट्रात त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही, मात्र पुरावा जोडावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी मागणी लेखी करून देण्यास साहाय्य करणे हे अधिकाऱ्याचेच कर्तव्य आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यानेच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आले नाही वा अपुरे आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. 'मला धान्य का देत नाही?' असे विचारले तर 'अशी माहिती अभिलेखात नाही' असे उत्तर येते. म्हणून कागद मागावा. अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला. त्यावरील शेऱ्यांची प्रत. निकालाची मुदत ठरविणाऱ्या शासन निर्णयाची प्रत. आपल्या दुकानाला अमुक महिन्यात मंजूर झालेले धान्य, साठा नोंदवही आणि विक्री नोंदवही. निर्णयाची कारणे बाधित माणसाला कळविणे तर कलम ४ प्रमाणे कार्यालयाचेच काम आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ही बाजू अधिक बळकट केली. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख. धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता. कलम २७ प्रमाणे वितरणाचे सर्व अभिलेख जनतेसमोर खुले असले पाहिजेत. कलम २९ प्रमाणे दक्षता समित्यांवर अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व निराधारांना योग्य प्रतिनिधित्व हवे. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य मोफत झाले आहे. पण मोफत झाले म्हणून ते दान झाले, असे कोणी समजू नये. दान म्हटले की हिशेब विचारण्याचे तोंड बंद होते.

आज अडवणुकीचे रूपही बदलले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीचे धान्य बंद झाले, कारण यंत्र तिचा अंगठा ओळखेना. जन्मभर माती आणि शेण कालवून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. पूर्वी वहीत खोटा अंगठा चालत होता. आता यंत्रावर खरा अंगठा चालत नाही. मुलीने नातीच्या नात्याने खेटे न घालता विद्यार्थिनीच्या नात्याने अर्ज लिहिला: यंत्राने नाकारलेल्या लाभार्थ्यांना धान्य देण्याची पर्यायी पद्धत कोणती, त्या आदेशाची प्रत, आणि गेल्या सहा महिन्यांत या दुकानात असे किती जण परत गेले? आजीचे धान्य मुदतीच्या आत सुरू झाले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आले नाही.

या कायद्याची मर्यादा नेमकी इथे आहे. एका अर्जाने एक कार्ड सुटते. कचेरी त्या एकाला चहा पाजून गप्प करते आणि नोंदवही पुन्हा कपाटात जाते. कोट किरान्यात कागद गावापुढे वाचला गेला, म्हणून त्याला बळ आले. एकटा अर्जदार तर धोक्यातही असतो. सुंदरनगरीत रेशनच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका तरुणीच्या गळ्यावर डिसेंबर २००४ मध्ये वार झाला होता. म्हणून अर्ज दहा जणांनी करावेत, आणि उत्तर विहारात, समाजमंदिरात सर्वांसमोर वाचावे.

आणखी एक संकट समोर आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि वैयक्तिक माहिती नाकारण्याचा मार्ग रुंद केला. हजेरीपटावरचे नाव, रेशनच्या वहीतले नाव, हे 'वैयक्तिक' म्हणून झाकले गेले तर जनसुनावणीत वाचायचे काय? नावावाचून खोटा अंगठा पकडता येत नाही. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद करणारे कलम ८(२) अद्याप आहे. प्रत्येक अर्जात आणि अपिलात त्याचा आधार घेतला पाहिजे.

आपल्यातील शिकलेल्यांची पहिली पिढी आज महाविद्यालयांत आहे. तिने कोणत्या साहित्यप्रवाहात लिहावे, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. ते वाद चालू राहोत. पण ज्या दप्तरापासून आपल्या आजा-पणजाला दूर ठेवले गेले, ते वाचू शकणारी ही पहिली पिढी आहे. प्रत्येक वसतिगृहाने महिन्यातला एक रविवार शेजारच्या वस्तीला द्यावा, आपल्या दुकानाची साठा नोंदवही मागवावी, आणि तिथल्या बायांना त्यांच्या नावापुढचा आकडा वाचून दाखवावा. पुढचे प्रश्न त्या स्वतः विचारतील.