कोतवालीच्या कोठडींतील मृत्यु आणि सरकारची जबाबदारी

शके 1713 मध्यें, म्हणजे इ. स. 1791 च्या ऑगस्ट महिन्यांत, पुण्यास घडलेलें घाशीराम कोतवालाचें प्रकरण इतिहासप्रेमी वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु आजवर त्याची चर्चा बहुधा एका दुष्ट अधिकाऱ्याची कथा म्हणूनच झाली. प्रस्तुत लेखांत आम्ही तें निराळ्या प्रश्नासाठीं तपासणार आहों. सरकारच्या कैदेंत माणूस मेला, तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा? पाहरेकऱ्यानें, कोतवालानें, कीं ज्याच्या शिक्क्यानें कोतवाली चालते त्या सरकारनें?

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द. मोरोबा कान्होबा यांचें ‘घाशीराम कोतवाल’ हें 1863 सालचें पुस्तक कल्पित संवादांचें आहे. विजय तेंडुलकर यांचें 1972 सालचें त्याच नांवाचें नाटकही नाटकच होय. लोकांच्या मनांतील घाशीराम पुष्कळसा या दोन कृतींतून घडला आहे. म्हणून निर्णय करतांना या दोन्ही बाजूस ठेवून, ज्या गोष्टींविषयीं सामान्यतः एकवाक्यता आहे तेवढ्याच आम्ही आधारास घेतों.

घाशीराम सावळदास हा मूळचा औरंगाबादेकडील गौड ब्राह्मण. नाना फडणिसांच्या मर्जीनें त्यास 1777 च्या सुमारास पुण्याची कोतवाली मिळाली व सुमारें चौदा वर्षें ती त्याजकडे राहिली. शहराचा बंदोबस्त, रात्रींचा पाहरा, चोरांचा तपास, लहानसहान कज्ज्यांची मनसुबी हीं सर्व कामें त्याच्या हातीं होतीं. सन 1791 च्या श्रावणमासांतील दक्षणेकरितां आलेले सुमारें पस्तीस तैलंग ब्राह्मण कोतवालाच्या माणसांनीं धरून एका कोंदट जागेंत कोंडले. दार उघडून पाहतां एकवीस माणसें मेलेलीं वा मरणोन्मुख निघालीं. कैद्यांची सुटका मानाजी शिंदे फाकडे यांनीं केली असें सांगतात. पुढें ब्राह्मणसमुदाय सरकारवाड्यावर जमला, नानांवर दाब आला, आणि 31 ऑगस्ट 1791 रोजीं घाशीरामास हत्तीवरून फिरवून जमावाच्या हवालीं करण्यांत आलें. जमावानें त्यास दगडांनीं ठार मारिलें.

हा न्याय झाला असें म्हणून बहुतेक लेखक येथें थांबतात. आम्हांस मात्र येथूनच विचारास आरंभ करावासा वाटतो. कोतवाल नेमिला कोणी? सरकारनें. चौदा वर्षें त्याच्या हातांत लोकांस धरण्याची व कोंडण्याची सत्ता ठेविली कोणी? सरकारनेंच. मग एकवीस प्रेतांचा झाडा केवळ एका माणसाच्या देहानें कसा पुरा होतो? दगडमारीच्या वेळीं घाशीराम स्वतः सरकारच्याच कैदेंत होता. त्यास राखण्याचा भार सरकारवर असतां त्यास जमावापुढें टाकलें. म्हणजे त्या सप्ताहांत कैदेंतील मृत्यु एकवीस नव्हेत, बावीस झाले. बाविसावा सरकारच्या आज्ञेनें झाला, व त्याबरोबर प्रश्न विचारणाऱ्यांचीं तोंडेंही बंद झालीं.

इंग्रजी अमलांत कायद्याची भाषा पालटली. पोलीस मारहाण करून कबुली घेतात हें सरकारास ठाऊक होतें, म्हणूनच पोलिसांपुढील कबुली पुराव्यांत घेऊं नये असा नियम झाला. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यांतील तो नियम 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमांतही कायम आहे. परंतु सरकार स्वतः जबाबदार काय, या प्रश्नास 1861 मध्यें कलकत्त्याच्या न्यायालयानें वेगळी वाट दिली. कंपनीच्या व्यापारी कृत्यांबद्दल दावा चालेल, राजसत्तेच्या कृत्यांबद्दल चालणार नाहीं, असा भेद त्यांत निघाला. तोच धरून 1964 मध्यें कस्तुरीलाल प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें मेरठच्या पोलीसठाण्यांतून नाहींशा झालेल्या सोन्याची भरपाई नाकारली.

हें मत पुढें ढळलें. 1983 मध्यें रुदुल शहा प्रकरणीं न्यायालयानें बेकायदा कैदेबद्दल सरकारकडून भरपाई देवविली. 1993 मध्यें नीलाबती बेहेरा प्रकरणीं, ओरिसांत पोलिसांनीं धरून नेलेल्या व दुसऱ्या दिवशीं रेल्वेमार्गावर मृत सांपडलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाच्या आईस दीड लक्ष रुपये देण्याचा हुकूम झाला. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदानें दिलेला जीविताचा हक्क मोडला असतां राजसत्तेची सबब चालत नाहीं, हें त्या निकालाचें सार होय. हिंदुस्थानानें 1979 मध्यें स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचाही आधार तेथें घेतला गेला. 18 डिसेंबर 1996 रोजीं डी. के. बसू प्रकरणीं अकरा आज्ञा झाल्या: अटकेचा लेख साक्षीदारासमक्ष करावा, नातलगांस कळवावें, वैद्यानें तपासावें. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर मात्र 1997 मध्यें सही होऊनही त्यास मान्यता देणें आजतागायत राहिलेंच आहे.

हा प्रश्न दूरचा नाहीं. आमचें कडेगांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें. 1949 मध्यें तें दक्षिण साताऱ्यांत गेलें व 1960 मध्यें त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. याच सांगलीच्या शहर पोलीसठाण्यांत नोव्हेंबर 2017 मध्यें चोरीच्या संशयावरून धरलेला एक तरुण मरण पावला. आरोपी पळून गेला अशी बतावणी करण्यांत आली. पुढें त्याचें प्रेत आंबोलीच्या घाटांत नेऊन जाळल्याचें उघडकीस आलें, आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. 1791 मध्यें दार न उघडणें पुरलें होतें. 2017 मध्यें खोटी हकीकत रचावी लागली. या फरकांतच कायद्याची वाढ दिसते, आणि तिची अपूर्णताही. जेथें हकीकतीचा जाब द्यावा लागतो, तेथेंच ती खोटी रचण्याची गरज पडते.

म्हणून कागदांकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. पेशवाईंत किल्ल्यावर कैदी पाठवितांना त्याच्या बेडीचे व शिध्याचे हुकूम निघत. अशा कागदावरून कैदी कोणाच्या हवालीं होता हें शाबीत करतां येतें. बसू प्रकरणांतील अटकेच्या लेखाचें कामही तेंच. कडेगांव, विटें, तासगांव या बाजूच्या जुन्या दप्तरांत अटकेचे हुकूम, मुचलके, जामीनकतबे असतील, तर संग्राहकांनीं ते वतनाच्या कागदांइतके मोलाचे नाहींत म्हणून रद्दींत टाकूं नयेत. सनदेवरून राजानें काय दिलें तें कळतें. कैद्याच्या कागदावरून राजानें काय राखलें आणि काय राखलें नाहीं तें कळतें. सरकारची परीक्षा दुसऱ्याच कागदानें अधिक खरी होते, असें आम्हांस वाटतें.