गैरसोयीची तथ्ये आणि मॅक्स वेबर

दगड वर फेकला की खाली येतो. तो का येतो हे शोधताना दगडाच्या मनात काय होते, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. माणसांचे तसे नसते. एखादा माणूस लाकडे फोडताना दिसला, तर तो मजुरीसाठी फोडतो आहे, घरच्या चुलीसाठी फोडतो आहे की नुसता राग काढतो आहे, हे कळल्याशिवाय त्या कृतीचा उलगडा होत नाही. मग माणसांच्या समाजाचे विज्ञान होऊ शकेल का? शिवाय अभ्यास करणाराही त्याच समाजातला. त्यालाही धर्म, पक्ष, आवडीनिवडी असतातच. त्याच्या निष्कर्षावर इतरांनी विश्वास का ठेवावा?

या दोन प्रश्नांचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, त्यांत जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. लाकडे फोडणाऱ्याचे उदाहरणही त्यांचेच. जर्मनीत समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९०९ साली स्थापन झालेल्या जर्मन समाजशास्त्र संघटनेच्या संस्थापकांतही ते होते.

वेबर यांचा जन्म २१ एप्रिल १८६४ रोजी एरफुर्ट येथे झाला. वडील कायदेपंडित आणि राजकारणी होते, तर आई श्रद्धाळू प्रॉटेस्टंट. बर्लिनच्या त्यांच्या घरी पुढारी आणि प्राध्यापक यांचा राबता असे. वेबर यांचे शिक्षण कायद्याचे. १८९२ साली त्यांनी पूर्व जर्मनीतील शेतमजुरांच्या स्थितीची मोठी पाहणी पूर्ण केली आणि १८९४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते फ्रायबुर्ग विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथून ते हायडेलबर्गला गेले.

१८९७ साली आईला मिळणाऱ्या वागणुकीवरून त्यांचे वडिलांशी कडाक्याचे भांडण झाले. समेट होण्यापूर्वीच वडील वारले. त्यानंतर वेबर यांचे मनःस्वास्थ्य ढासळत गेले. झोप उडाली, वाचन थांबले, वर्गासमोर उभे राहणे अशक्य झाले. १९०३ साली त्यांनी प्राध्यापकपद सोडले. ज्या लेखनामुळे ते आज ओळखले जातात, त्यातले बहुतेक या राजीनाम्यानंतरचे आहे.

त्यांतला सर्वांत गाजलेला निबंध १९०४-०५ साली प्रसिद्ध झाला. प्रॉटेस्टंट धर्मातील काही पंथांची शिस्त आणि आधुनिक भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध काय, हा त्याचा विषय. स्वतःचा उद्योग म्हणजे ईश्वराने सोपवलेले काम, ते नेकीने करावे, मिळकत चैनीत उडवू नये, अशी या पंथांची शिकवण. अशा माणसाकडे पैसा साठतो आणि तो पुन्हा धंद्यात जातो. धर्माने एकट्याने भांडवलशाही घडवली, असे मात्र वेबर म्हणत नाहीत. अनेक कारणांपैकी हे एक, एवढाच त्यांचा दावा आहे.

निबंधाच्या सुरुवातीला त्यांनी आपले विद्यार्थी मार्टिन ओफेनबाखर यांनी जमवलेली बाडेन प्रांताची आकडेवारी वापरली आहे. शिक्षकांना ती विशेष रुचेल, कारण ती शाळांची आहे. १८९५ साली बाडेनच्या लोकसंख्येत प्रॉटेस्टंट सुमारे ३७ टक्के होते आणि कॅथलिक ६१ टक्के. पण आधुनिक भाषा व विज्ञान यांवर भर देणाऱ्या एका प्रकारच्या माध्यमिक शाळांत प्रॉटेस्टंट ६९ टक्के, कॅथलिक ३१ टक्के आणि ज्यू ९ टक्के, असे तक्त्यात दिले आहे. यावरून प्रॉटेस्टंट कुटुंबांचा ओढा व्यवहारोपयोगी शिक्षणाकडे अधिक, असा निष्कर्ष निघतो.

आता या तीन आकड्यांची बेरीज करून पाहा. ती १०९ येते!

६९ च्या जागी ५९ हवे होते. १९५७ साली कुर्ट सॅम्युएल्सन या स्वीडिश अभ्यासकाने ही चूक दाखवून दिली. त्याने आणखी एक मुद्दा मांडला. अशा शाळा जेथे होत्या, त्या भागात मुळातच प्रॉटेस्टंट वस्ती जास्त होती. म्हणजे तुलना साऱ्या प्रांताशी न करता त्या त्या भागाशी करायला हवी, आणि तशी केली की फरक फारसा उरत नाही. वेबर यांचे सारे विवेचन या एका तक्त्यावर उभे नाही, त्यामुळे ते यामुळे कोसळत नाही. वाद अजूनही चालू आहे. पण जो आकडा आपल्या मताला पुष्टी देतो, त्याची बेरीज करायला आपण विसरतो, हा धडा त्यातून मिळतो. गणिताच्या तासाला हा तक्ता फळ्यावर जरूर लिहावा.

हिंदू आणि बौद्ध धर्मांवरही वेबर यांनी १९१६-१७ साली विस्ताराने लिहिले. ते भारतात कधी आले नव्हते. त्यांची भिस्त भाषांतरे आणि ब्रिटिश जनगणनेचे अहवाल यांवर होती. जनगणनेने जातींची जी साचेबंद मांडणी केली, तिच्या मर्यादा या लेखनातही उतरल्या आहेत.

वेबर यांनी अभ्यासाचे एक साधनही दिले. त्याला आपण आदर्श प्रारूप म्हणू. येथे आदर्श म्हणजे अनुकरणीय नव्हे. भौतिकशास्त्रात आपण आदर्श वायू शिकवतो, तसा वायू कोठल्याही बाटलीत सापडत नाही, पण खरा वायू त्यापासून किती दूर आहे हे मोजता येते. वेबर यांची नोकरशाहीची कल्पना अशीच आहे. लेखी नियम, ठरलेली अधिकारांची उतरंड, पात्रतेवर नेमणूक, पदावर आणि व्यक्तीवर नव्हे आधारलेली सत्ता, अशी तिची लक्षणे. आपल्या ओळखीचे एखादे कार्यालय या प्रारूपाशेजारी ठेवले की ते कोठे जुळते आणि कोठे नाही, हे नेमके दिसते.

राहिला दुसरा प्रश्न, अभ्यासकाच्या स्वतःच्या मतांचा. ७ नोव्हेंबर १९१७ रोजी म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांच्या एका संघटनेपुढे वेबर यांनी विज्ञान या व्यवसायावर व्याख्यान दिले. महायुद्ध चालू होते आणि तरुणांना गुरूकडून जीवनाचा मार्ग ऐकायचा होता. वेबर यांनी तो सांगायचे नाकारले. अमुक मार्गाने गेल्यास तमुक परिणाम होतील, एवढे विज्ञान सांगू शकते. कोणत्या मार्गाने जावे, हे ते सांगू शकत नाही. वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसावे लागते, म्हणून शिक्षकाने तेथे आपले राजकारण त्याच्या गळी उतरवणे गैर आहे. शिक्षकाचे पहिले काम निराळेच. प्रत्येक मताला गैरसोयीची ठरणारी काही तथ्ये असतात. ती मान्य करायला विद्यार्थ्याला शिकवावे.

हे सांगणारे वेबर स्वतः अलिप्त नव्हते. १८९५ सालचे त्यांचे फ्रायबुर्ग येथील भाषण कडव्या राष्ट्रवादाचे होते, आणि १९१४ साली युद्धाचे त्यांनी स्वागत केले होते. आपली मते त्यांनी सभांतून आणि वृत्तपत्रांतून उघडपणे मांडली, कारण तेथे ऐकणारा उलट उत्तर देऊ शकतो.

१९१९ साली ते म्युनिकमध्ये पुन्हा प्राध्यापक झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बव्हेरियाचे पंतप्रधान कुर्ट आयस्नर यांचा खून झाला होता. जानेवारी १९२० मध्ये मारेकऱ्याची फाशी रद्द होऊन त्याला कारावास मिळाला, तेव्हा उजव्या गटाच्या विद्यार्थ्यांनी जल्लोष केला. वेबर यांनी व्याख्यानापूर्वी या निर्णयावर स्पष्ट टीका केली. त्यांच्या पुढच्या व्याख्यानात विद्यार्थ्यांनी गोंधळ घालून त्यांना बोलू दिले नाही. वेबर यांनी येथे स्वतःचाच नियम मोडला का? की आपले मत हे मत म्हणूनच, विषयाच्या आधी आणि विषयापासून वेगळे ठेवून सांगितले, म्हणून तो पाळला?

१४ जून १९२० रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांचा मोठा ग्रंथ अपुराच होता. त्यांच्या पत्नी मारिआने वेबर यांनी तो १९२१-२२ मध्ये प्रकाशित केला. वर विचारलेल्या प्रश्नावर मात्र शिक्षकांच्या खोलीत एकमत होणार नाही. निवडणुकीच्या दिवसांत एखादा विद्यार्थी वर्गात उभा राहून, "सर, तुमचे मत काय?" असे विचारतो, तेव्हा तो आपल्यापुढेही असतो.