बेर्टा बरी झाली होती का?

गेल्या वर्षी आठ आठवडे मी एका काउन्सेलरकडे जात होतो. झोप उडाली होती, कोड लिहायला बसलं की हात गार पडायचे. शेवटच्या सेशननंतर मोबाईलवर फॉर्म आला : आता बरं वाटतंय का? पर्याय दोनच, हो किंवा नाही. मी 'हो' दाबलं. खरं उत्तर 'थोडंसं, पण कशामुळे ते कळलं नाही' असं होतं. तो पर्याय नव्हता. मग बोलून बरं करायची ही पद्धत आली कुठून, हे वाचायला घेतलं आणि पहिल्याच पेशंटपाशी अडकलो.

पुस्तकात तिचं नाव आहे आना ओ. खरं नाव बेर्टा पापेनहाइम. जन्म १८५९, व्हिएन्नातलं सधन ज्यू कुटुंब. तल्लख मुलगी. शाळा संपली तसं शिक्षण संपलं. तिच्याहून धाकटा भाऊ मात्र पुढे वकिलीचं शिक्षण घेऊ शकला. १८८०च्या उन्हाळ्यात वडील आजारी पडले. रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसायचं काम बेर्टाकडे आलं. अशाच एका रात्री तिला भिंतीतून काळा साप वडिलांच्या दिशेने येताना दिसला. त्याला हाकलायला उजवा हात उचलायला गेली, तर तो खुर्चीच्या पाठीवर बधिर होऊन पडलेला. पुढे तो हात लुळाच झाला, नजर बिघडली, आणि काही महिने तिला मातृभाषा जर्मन बोलताच येईना. बोलायची फक्त इंग्रजी.

योझेफ ब्रॉयर हा व्हिएन्नातला नावाजलेला डॉक्टर तिच्याकडे येऊ लागला. त्याने फार काही केलं नाही, आणि तेच नवं होतं. तो बसून ऐकायचा. संध्याकाळी तिची तंद्री लागायची, तेव्हा ती मनातलं बोलत सुटायची आणि नंतर शांत व्हायची. या प्रकाराला तिनेच इंग्रजीत नाव दिलं, 'टॉकिंग क्युअर'. थट्टेने म्हणायची, धुराडं साफ करणं. म्हणजे मानसशास्त्रातल्या एका अख्ख्या परंपरेचं बारसं डॉक्टरने नाही, पेशंटने केलंय. हे मला भारी आवडतं.

ऐन उन्हाळ्यात सहा आठवडे ती पाण्याचा घोट घेऊ शकत नव्हती. ग्लास ओठांशी आला की ढकलून द्यायची, फळांवर तहान भागवायची. एकदा संमोहनात तिला आठवलं की घरातल्या इंग्रज बाईचं कुत्रं ग्लासातून पाणी पीत होतं. किळस आली होती, पण सभ्यपणा म्हणून ती गप्प राहिली होती. दाबलेला राग बोलून झाल्यावर तिने पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायली.

आज ज्याला सायकोडायनॅमिक दृष्टिकोन म्हणतात, म्हणजे फ्रॉइड आणि त्याच्यानंतरच्यांची ती सगळी शाखा, तिचं बी या ग्लासात आहे. लक्षण दिसतं वर, कारण असतं नेणिवेत. बग ज्या ओळीवर फुटतो त्याच ओळीत नसतो, हे कुठल्याही प्रोग्रामरला वेगळं सांगायला नको. आणि त्या काळी अशा बायकांना विजेचे झटके, थंड पाण्याचे उपचार किंवा 'नाटकं करते' हा शेरा मिळायचा. तिथे एक डॉक्टर म्हणाला की हिच्या बडबडीला अर्थ आहे. ही या दृष्टिकोनाची सगळ्यात मोठी कमाई, असं मला वाटतं.

ब्रॉयरने जून १८८२मध्ये उपचार थांबवले. १८९५मध्ये त्याने आणि फ्रॉइडने हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं, त्यातली पहिली केस आना ओ. (फ्रॉइडने तिला कधी तपासलंच नव्हतं.) शेवटाकडे ब्रॉयर लिहितो की मनाचा तोल पुरता सावरायला तिला बराच काळ लागला, पण त्यानंतर तिची तब्येत उत्तम आहे.

त्या 'बराच काळ'मध्ये काय दडलं होतं, ते कळायला १९७२ उजाडलं. आंरी एलेनबर्गर या इतिहासकाराला बेर्टाच्या एका फोटोवर १८८२ हे साल आणि कोन्स्टान्झ या गावाचं नाव सापडलं. ती तिथे कशाला गेली असेल? गावाला लागूनच, स्वित्झर्लंडच्या हद्दीत, क्रॉइझलिंगेनचं बेलव्ह्यू सॅनेटोरियम होतं. तिथल्या जुन्या कागदांत खुद्द ब्रॉयरच्या हातचा अहवाल निघाला. उपचार संपल्यावर महिन्याभरातच बेर्टा तिथे दाखल झाली होती. चेहऱ्याच्या असह्य वेदना आणि त्यावर दिलेल्या मॉर्फिनची सवय, दोन्ही सोबत घेऊन. पुढची काही वर्षं ती पुन्हा पुन्हा व्हिएन्नाजवळच्या सॅनेटोरियममध्ये जात राहिली.

तिकीट 'रिझॉल्व्ह्ड', बग चालूच. मीही अशी तिकिटं बंद केली आहेत, त्यामुळे ब्रॉयरला फार शिव्या घालवत नाहीत. तो पूर्ण खोटं बोलला नाही. पण त्याच वाक्यावर पुढे इमारत उभी राहिली.

इमारत कशी उभी राहते त्याचा एक नमुना. फ्रॉइडचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स याने १९५३मध्ये लिहिलं की बेर्टा ब्रॉयरच्या प्रेमात पडली, तिला आभासी प्रसूतिवेदना सुरू झाल्या, ब्रॉयर घाबरून बायकोला घेऊन व्हेनिसला पळाला आणि तिथे त्यांच्या मुलीचं बीज रुजलं. पेशंटच्या भावना डॉक्टरवर वळतात, या सिद्धांताला एकदम फिट बसणारी गोष्ट. फक्त ती मुलगी, डोरा, मार्च १८८२मध्ये जन्मली होती. उपचार थांबायच्या तीन महिने आधी! साधा टाइमस्टॅम्प कुणी तपासला नव्हता.

माझी खरी अडचण इथेच आहे. गोष्ट इतकी सुरेख जुळते की तपासावीशी वाटत नाही. व्हिएन्नातच वाढलेल्या कार्ल पॉपरचा आक्षेप हाच होता : माणूस कसाही वागला तरी या सिद्धांताकडे स्पष्टीकरण तयार असतं, मग तो चूक ठरणार कधी? पेशंट 'हो' म्हणाला तर निदान बरोबर, 'नाही' म्हणाला तर तो त्याचा विरोध. ज्यांनी तपासलं त्यांचं काय झालं? ॲरन बेक हा मनोविश्लेषणातच तयार झालेला डॉक्टर. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे सिद्ध करायला तो पेशंटांची स्वप्नं अभ्यासू लागला. पुरावा जुळेना. त्यातून त्याने १९६०च्या दशकात कॉग्निटिव्ह थेरपी उभी केली. मात्र गोष्ट तिथे संपली असंही नाही. २०१०मध्ये जोनाथन शेडलरने आधीचे अभ्यास एकत्र करून मांडलं की सायकोडायनॅमिक थेरपीचा परिणाम इतर थेरपींइतकाच आहे, आणि ती संपल्यावरही तो वाढत जातो. मतभेद आहेत, पण निदान आता मोजमाप होतंय.

आणि बेर्टा? १८८८मध्ये ती आईसोबत फ्रँकफर्टला गेली. तिथे ज्यू मुलींचं अनाथालय चालवलं, मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रीहक्कांवरचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, १९०४मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना काढली, १९०७मध्ये न्यू-इझेनबुर्गला कुमारी माता आणि देहविक्रयाच्या दलालांपासून वाचवलेल्या मुलींसाठी घर उघडलं. हे सगळं करणारी बाई पूर्वी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली होती. ती कशाने सावरली? ब्रॉयरच्या ऐकण्याने? काळाने? कामाने? आपल्या आजाराबद्दल ती पुढे कधी बोललीच नाही. तिच्या घरातल्या मुलींवर मनोविश्लेषणाचे उपचार करायला तिचा सक्त विरोध असे, ही तिच्या जवळच्यांची आठवण.

१९३६मध्ये ती गेली. आना ओ. म्हणजे तीच, हे जगजाहीर केलं जोन्सने, त्याच १९५३च्या चरित्रात. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीने तिच्या चेहऱ्याचं टपाल तिकीट काढलं. मालिकेचं नाव होतं 'मानवतेचे मदतनीस'.