मूर्ती आणि ‘आयडॉल’ : एका शब्दाची कुळकथा

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या सिल्वासात एक इंग्रजी शब्द वारंवार कानावर येतो : आयडॉल. परवानगीच्या कागदांत ‘आयडॉल’, दमणगंगेवरच्या विसर्जनाच्या इंग्रजी बातमीत ‘आयडॉल’, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली काढलेली सुधारित मार्गदर्शक तत्त्वेही ‘आयडॉल इमर्शन’ याच नावाची. घरात आपण ‘बाप्पा’ म्हणतो, कारखान्यात ठरवायला जातो तेव्हा ‘मूर्ती’ म्हणतो. पण इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांच्या निबंधात बाप्पाचा आयडॉल होतो. हा शब्द देवाला शोभतो का, यावर आपल्यांत दोन तट आहेत. काहींना तो परक्यांनी दिलेला हिणकस शब्द वाटतो, काहींना नुसता प्रतिशब्द. म्हणून आधी त्याची कुळकथा पाहू.

शब्द मूळचा ग्रीक, ‘एइदोलोन’. होमरच्या काव्यात तो मेलेल्या माणसाच्या छायेसाठी येतो. दिसते, पण हाती लागत नाही असे काहीतरी. त्याच्या मुळाशी ‘पाहणे’ या अर्थाचा धातू आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते संस्कृतातील ‘विद्’ धातू त्याच कुळातला. त्यातूनच आपले वेद आणि विद्या हे शब्द आले. म्हणजे आयडॉल आणि वेद हे फार दूरचे का होईना, भाऊबंद ठरतात.

या शब्दाचे बरेवाईट झाले ते भाषांतरात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून यहुदी धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्यात इतरांच्या देवप्रतिमांसाठी हाच शब्द योजला गेला. नुसत्या ‘रूपा’ला ‘खोट्या देवाचे रूप’ असा अर्थ तिथे चिकटला. पुढे लॅटिन आणि फ्रेंचमार्गे तेराव्या शतकाच्या सुमारास शब्द इंग्रजीत आला, तो हा अर्थ घेऊनच. १६२० साली फ्रान्सिस बेकनने माणसाच्या बुद्धीला भुलवणाऱ्या खोट्या समजुतींनाही ‘आयडॉल’ म्हटले.

आपल्या किनाऱ्यावर हे कुळ इंग्रजांच्या आधी पोर्तुगिजांबरोबर उतरले. मूर्तीला त्यांचा शब्द ‘ईदोलो’. जोडीला दुसरा शब्द ‘पागोद’. गंमत अशी की पागोद म्हणजे देऊळ, पागोद म्हणजे देवळातली मूर्ती, आणि देवाची आकृती असलेला दक्षिणेतला सोन्याचा होन, तोही पागोदच! तीन वस्तूंना एकच नाव. यावरून पाहणाऱ्याने किती बारकाईने पाहिले होते ते कळते. गोव्यात १५४० च्या सुमारास तिसवाडीतली आणि १५६० नंतर साष्टीतली देवळे पाडली गेली, तेव्हा कागदोपत्री ते ‘ईदोलो’ होते. भक्तांना मात्र ते कुलदैवत होते. म्हणून मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. दगड वाचवण्यासाठी कोणी रातोरात घरदार सोडत नाही.

आपली नगरहवेली १७७९ च्या पेशवे-पोर्तुगीज तहातून १७८३ साली पोर्तुगिजांकडे गेली. तोवर देवळे पाडण्याचा काळ मागे पडला होता. पण २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ १७१ वर्षे, येथील सरकारी भाषा पोर्तुगीज होती. म्हणून या शब्दांची कथा आपल्याही घरची आहे.

इकडे इंग्रजी मुंबईत वाद उघडपणे झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद प्रसिद्ध आहे. मोरभटांनी १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली आणि विल्सनने पुढच्याच वर्षी तिला उत्तर छापले. मिशनऱ्यांच्या मराठी बायबलात ‘आयडॉल’साठी ‘मूर्ती’ हाच शब्द आला. इंग्रजी शब्दाचा डाग असा आमच्या शब्दावरही उडाला. ‘मूर्तिपूजक’ हे वर्णन न राहता आरोप झाला.

आणि मग तोच शब्द न्यायालयात पोचला. डाकोर आपल्याला परके नाही. तेथील रणछोडरायाचे आजचे मंदिर १७७२ साली पेशव्यांचे सराफ, साताऱ्याचे गोपाळ जगन्नाथ तांबेकर यांनी बांधले. देवापुढे येणारे धन कोणाचे, यावर पुढे वाद झाला. सेवक म्हणत, ते आमचे. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम गोविंदराम या खटल्यात सांगितले की, सेवकांनी हिशेब दिला पाहिजे. कारण देवाची संपत्ती देवाची असते, आणि कायदा त्याला संपत्ती धारण करणारी व्यक्ती मानू शकतो. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात आणखी एक पाऊल टाकले. देव म्हणजे हवी तिथे हलवावी अशी चीजवस्तू नव्हे, त्याने कुठे राहावे यात त्याचीही इच्छा धरली पाहिजे, असे तिथले न्यायाधीश म्हणाले. २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला स्वतः पक्षकार होते. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले की, कायद्याने मान दिला तो भक्तांच्या धर्महेतूला. मूर्ती त्याचे दृश्य रूप, ती नष्ट झाली तरी हेतू नष्ट होत नाही. या साऱ्या निकालांत शब्द ‘आयडॉल’च आहे. ज्या शब्दाने ‘हा खरा देव नव्हे’ म्हटले जाई, त्याच शब्दाने ‘ही व्यक्ती आहे, हिचे म्हणणे ऐका’ असे म्हटले गेले.

आता आपला शब्द. ‘मूर्ती’चा धातू ‘मूर्छ्’. घट्ट होणे, आकार घेणे हा त्याचा एक अर्थ. त्यात खरे-खोटे काही नाही. म्हणून मराठीत तो माणसांनाही सहज लागतो. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ आपण कौतुकाने म्हणतो. भिक्षुकांची संख्या सांगताना ‘पाच मूर्ती’ म्हणत. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला तर आपण न्यायमूर्ती म्हणतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर न्यायालयाचा अवमान व्हायचा! महादेव गोविंद रानडे प्रार्थना समाजाचे, मूर्तिपूजा न मानणारे. ते १८९३ साली उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. महाराष्ट्राच्या ओठांवर ते कायमचे ‘न्यायमूर्ती’च राहिले.

शिवाय आपल्या पूजेत एक भेद आहे, जो ‘आयडॉल’ला पेलत नाही. कारखान्यातून आणलेली ती मूर्ती. प्राणप्रतिष्ठेनंतर तो गणपती. उत्तरपूजेनंतर अक्षता टाकून जागची हलवली की पुन्हा पार्थिव, म्हणजे मातीची. एकच आकार, तीन अवस्था. माती हाच देव असे आपण कधी समजलो असतो, तर दरवर्षी ती पाण्यात सोडायला आपला हात धजला असता का?

तेव्हा काय करावे? सरकारी अर्जात ‘आयडॉल’ लिहायला संकोच नको. आता त्या शब्दात शिवी उरलेली नाही. २००५ साली आपला अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ झाला तेव्हा आपण पेढेच वाटले. पण जिथे निवड आपली आहे, म्हणजे मंडळाची इंग्रजी निमंत्रणपत्रिका, स्मरणिकेतील इंग्रजी पाने, मुलांचे निबंध, तिथे स्थापनेपूर्वी ‘मूर्ती’ आणि स्थापनेनंतर ‘गणपती’ लिहावे. इंग्रजीने गुरू आणि अवतार हे शब्द सुखाने घेतले आहेत, हाही घेईल. आणि नातवंडांनी ‘आयडॉल का नाही?’ विचारले, तर रागावू नये. त्यांना जवळ बसवून प्राणप्रतिष्ठा आणि उत्तरपूजा म्हणजे काय ते समजावून सांगावे. ते सांगता यावे म्हणून आधी आपल्याला ते नीट ठाऊक हवे.

गणपती बाप्पा मोरया!