खिडकी 'काढायची', कोड लिहायचा रुबीत : ग्लेड वापरून डेस्कटॉप अ‍ॅप कसं बनतं?

रुबी म्हटलं की बहुतेकांना वेबसाइटच आठवतात. पण या भाषेत कॉम्प्युटरवर चालणारं, बटणं आणि मेन्यू असलेलं साधं अ‍ॅपही बनवता येतं. त्यासाठी खिडकीतली प्रत्येक गोष्ट कोडमध्ये टाइप करायची गरज नाही. ती माउसने मांडता येते.

ग्लेड काय करतं?

लिनक्सवर जीटीके हे टूलकिट खूप वापरलं जातं. मुळात ते 'गिम्प' या फोटो एडिटरसाठी तयार झालं होतं. ग्लेड हे त्याचं डिझाइन टूल. बटण, टेक्स्ट बॉक्स, लेबल उचलायचं आणि खिडकीत ठेवायचं. सेव्ह केलं की एक एक्सएमएल फाइल मिळते.

इथेच नवशिके गोंधळतात. ग्लेड रुबीचा कोड लिहून देत नाही. जुन्या ग्लेडमध्ये सी भाषेचा कोड तयार करून मिळायचा, तिसऱ्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली. ते बरंच झालं! आता अ‍ॅप सुरू होताना जीटीकेमधला 'बिल्डर' ती फाइल वाचतो आणि खिडकी उभी करतो. बटणावरचा मजकूर बदलायचा असेल तर रुबीच्या कोडला हातही लावावा लागत नाही.

मग रुबीचं काम काय?

'रुबी-जीनोम' प्रकल्पाचं जीटीके३ नावाचं जेम इन्स्टॉल करायचं. ग्लेडमध्ये प्रत्येक वस्तूला आयडी देता येतो. रुबी त्याच आयडीने ती वस्तू शोधते आणि 'क्लिक झालं की हे कर' असं सांगते. आयडीत एका अक्षराची चूक झाली तर वस्तू सापडतच नाही. कधीकधी 'अ‍ॅप चालत नाही'चं कारण एवढंच असतं.

दुसरी चूक म्हणजे बटणाच्या कोडमध्येच मोठी फाइल डाउनलोड करायला लावणं. ते काम संपेपर्यंत खिडकी गोठून बसते.

मराठी अ‍ॅप करणाऱ्यांसाठी एक फायदा : जीटीकेत वस्तू ठरावीक जागी चिकटवण्याऐवजी बॉक्स आणि ग्रिडमध्ये ठेवतात. त्यामुळे 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' लिहिलं तर बटण आपोआप रुंद होतं. जोडाक्षरांची मांडणी पँगो ही लायब्ररी सांभाळते.

आज ग्लेड शिकावं का?

शिकायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. ग्लेड जीटीके४ला सपोर्ट करत नाही. त्यासाठी कांबालाचे हे नवं टूल आहे आणि ते ग्लेडच्याच एका मेंटेनरने सुरू केलंय. रुबीच्या जगाला असा धक्का आधीही बसलाय. 'शूज' हे सोपं जीयूआय टूलकिट बनवणारा 'व्हाय द लकी स्टिफ' 2009 मध्ये इंटरनेटवरून अचानक गायब झाला. शूज पुढे इतरांनी सांभाळलं.

म्हणून हिशोबाचं, डेटाचं लॉजिक वेगळ्या रुबी फाइलमध्ये ठेवा. उद्या टूल बदललं तर खिडकी नव्याने मांडावी लागेल, पण बाकीचं अ‍ॅप तसंच राहील.